वाळवंटातील तलावाकाठची कृत्रिम हिरवळ

नेवाडा राज्यातील लास व्हेगासच्या परिसरात आज नव्या घराच्या परसात पोहण्याचा तलाव बांधला जातो, तेव्हा त्याच्या काठाला खऱ्या गवताऐवजी कृत्रिम हिरवळ अंथरण्याचा विचार हटकून होतो. या प्रथेमागे उपनगरी घराची एक कल्पना, रसायन उद्योगाने घडवलेला एक तंतू आणि एका नदीच्या पाण्याची वाटणी असे तीन प्रवाह आहेत, आणि ते एकत्र कसे आले हे पाहिल्याशिवाय या हिरवळीचे मोल ठरवता येत नाही.

यांतील पहिला प्रवाह उपनगरी घराचा. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या वसाहतीत प्रत्येक घराभोवती हिरवळ होती आणि ती वेळच्या वेळी कापण्याचे बंधन रहिवाशांवर करारानेच घातलेले होते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात घरगुती तलाव मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला, कारण गनाइट, म्हणजे सळ्यांच्या जाळीवर हवेच्या दाबाने फवारलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण, वापरल्यामुळे तलावाला हवा तो आकार देणे सोपे झाले. उद्यानरचनाकार टॉमस चर्च यांनी 1948 साली सोनोमा परगण्यातील डॉनेल कुटुंबाच्या बागेत योजलेला वळणदार तलाव तर पुढे असंख्य परसांचा नमुना ठरला. हिरवळ आणि तलाव यांची ही जोडी वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लास व्हेगासनेही स्वीकारली. 1905 मध्ये रेल्वेच्या आधाराने वसलेले हे गाव ज्या झऱ्यांवर वाढले, ते भूजलाच्या अतिउपशामुळे 1962 पर्यंत आटले, आणि त्यानंतर शहराची भिस्त कोलोरॅडो नदीवरील लेक मीड या जलाशयावर राहिली.

दुसरा प्रवाह कृत्रिम तंतूचा असून त्याचा उगम घरापासून दूर, क्रीडांगणावर झाला. शहरातील मुलांना खेळायला मऊ जमीन उरलेली नाही या चिंतेतून फोर्ड फाउंडेशनने शालेय मैदानांसाठी नव्या पृष्ठभागाच्या शोधाला पाठबळ दिले, आणि मॉन्सँटो समूहातील केमस्ट्रँड या कंपनीने बनवलेले नायलॉनचे गवत 1964 मध्ये प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेत अंथरले गेले. त्याला खरी कीर्ती मिळवून दिली ती ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या क्रीडागाराने. 1965 साली ते खुले झाले तेव्हा आत खरे गवत होते. परंतु पारदर्शक छतातून येणाऱ्या चकाकीत खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानांना रंग फासण्यात आला, त्यामुळे उजेड अडला, गवत मेले, आणि उरलेला हंगाम वाळल्या गवताला हिरवा रंग मारून निभवावा लागला. 1966 मध्ये तेथे केमस्ट्रँडचे गवत बसवण्यात आले आणि ते ‘ॲस्ट्रोटर्फ’ या नावाने जगभर गेले. भारतीयांना त्याची ओळख झाली ती हॉकीमुळे: 1976 च्या मॉन्ट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये ही स्पर्धा प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर झाली आणि गवती मैदानावर घडलेला भारतीय संघ सातव्या क्रमांकावर राहिला.

पहिल्या पिढीचे हे नायलॉन आखूड आणि खरखरीत होते, त्यावर घसरल्यास कातडी सोलवटत असे. म्हणून ते अनवाणी वावरासाठी कधीच सुखाचे नव्हते. नंतरच्या पिढीत पॉलिप्रोपिलीनच्या पात्यांमध्ये वाळूचा भराव आला, आणि 1990 च्या दशकात पॉलिएथिलीनची लांब, मऊ पाती रूढ झाल्यावर हे गवत ओल्या, उघड्या पायांना सोसवणारे झाले.

तिसरा आणि निर्णायक प्रवाह पाण्याचा आहे. 1928 च्या कायद्यानुसार कोलोरॅडोच्या खालच्या खोऱ्यातील पाण्यापैकी नेवाडाच्या वाट्याला वर्षाला सुमारे 37 कोटी घनमीटर, म्हणजे अवघे चार टक्के पाणी येते. घरात वापरलेले पाणी शुद्ध होऊन लेक मीडमध्ये परतते आणि तेवढे पाणी पुन्हा उचलण्याची मुभा मिळते. बागेला घातलेले पाणी मात्र हवेत उडून जाते व हिशेबातून कायमचे वजा होते. 2000 पासून नदीखोऱ्यात दुष्काळ लांबत गेला, तेव्हा शहराचा खरा तोटा हिरवळीत आहे हे उघड झाले. 2003 मध्ये नव्या घरांच्या पुढील अंगणात गवत लावण्यास मनाई झाली. असलेले गवत काढणाऱ्यांना जलप्राधिकरण अनुदान देत आले, कारण एक चौरस फूट गवत काढल्याने वर्षाला सुमारे 200 लिटर पाणी वाचते. आणि 2022 मध्ये नव्या घरगुती तलावांच्या क्षेत्रफळावरही 600 चौरस फुटांची मर्यादा आली.

अशा वेळी पाणी न मागणारे कृत्रिम गवत सोयीचे ठरले. तलावाकाठी ते बसवताना माती काही इंच खोल खणून तेथे खडीचा चुरा दाबून बसवतात आणि उडालेले पाणी तलावात परत येऊ नये म्हणून उतार बाहेरच्या बाजूला देतात. पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली ठेवून सांधे जोडतात, कडा खिळ्यांनी आवळतात आणि वर वाळूचा भराव पसरतात. अशा गवताला क्लोरीनचे पाणी जाळत नाही व त्याच्या कापणीचा कचराही गाळणीत अडकत नाही.

तथापि वाचलेल्या पाण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. खरे गवत बाष्पोत्सर्जनाने, म्हणजे पानांतून पाणी वाफेच्या रूपाने सोडून, स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ती सोय नाही. यूटातील ब्रिगम यंग विद्यापीठात 2002 साली झालेल्या मोजणीत सुमारे 79 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले कृत्रिम मैदान पाण्याने 29 अंशांवर आले, पण पाचच मिनिटांत पुन्हा 49 अंशांवर गेले. शिवाय झिजलेल्या पात्यांचे सूक्ष्म प्लास्टिक मातीत उतरते ही चिंता आहेच. 2015 मध्ये गृहसंस्थांना कृत्रिम हिरवळ नाकारण्यास मनाई करणाऱ्या कॅलिफोर्नियानेच 2023 मध्ये स्थानिक संस्थांना तिच्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला.

जमीन, उजेड किंवा पाणी यांपैकी काहीतरी तुटले की कृत्रिम गवताला बोलावणे आले, हे या साठ वर्षांच्या इतिहासाचे सूत्र आहे. त्याने हिरवळीचे रूप टिकवले, पण तिचा गारवा त्याला देता आला नाही. म्हणून वाळवंटात नवे घर उभारणाऱ्याने जेथे अनवाणी पाय खरोखर पडतात तेवढ्याच जागी ते अंथरावे आणि उरलेल्या परसात थोड्या पाण्यावर वाढणारी, सावली देणारी झाडे लावावीत, हाच या इतिहासाचा व्यवहार्य निष्कर्ष ठरतो.