शिकार आणि शिरगणती

दिवाळीच्या चार दिवसांत तुळिंजचा माणूस एरवीपेक्षा अधिक वेळा वर पाहतो. आकाशकंदील सरळ टांगला गेला की नाही, बाण कुठे गेला, पाऊस खरोखरच गेला की पुन्हा येणार, हे सारे वरच पाहायचे असते. याच दिवसांत त्या आकाशातून शिकारी पक्षी उत्तरेकडून येत असतात. दलदली भोवत्या मिठागरांवर घिरट्या घालू लागतो. मत्स्यघार खाडीच्या काठी खांब धरून बसते. असल्या पक्ष्यांची कुणी शिरगणती करील, हे ऐकून हसू येईल. पण या शिरगणतीला इतिहास आहे, आणि त्याचे एक पान रुळांच्या पलीकडेच सापडले आहे.

रुळांच्या पूर्वेला तुळिंज, पश्चिमेला सोपारे, म्हणजे जुने शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांच्या हाती आला. तुकड्यावर शब्द थोडे. पण हाच लेख गिरनारला असल्यामुळे आशय कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. तिच्यात मृगया असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याने धर्मयात्रा सुरू केली. राजाचे फिरणे थांबले नाही. फिरण्याचे कारण तेवढे बदलले.

असाच बदल विसाव्या शतकात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका डोंगरावर घडला. शरदात ससाणे, गरुड, बाज त्या डोंगररांगेच्या धारेने दक्षिणेकडे जातात. ऊन चढले की तापलेली हवा वर उठते, वारा डोंगराला आपटून वर चढतो, आणि पंख न हलवता पक्षी त्यावर तरंगत निघतात. लोक बंदुका घेऊन धारेवर बसत आणि दिवसभर त्यांना टिपत. मारण्याला सरकारचीही फूस होती. १९२९ साली एका जातीच्या बाजामागे पाच डॉलरचे इनाम लागले. १९३४ साली रोझली एज नावाच्या बाईंनी ती चौदाशे एकर जमीन भाड्याने घेतली आणि मॉरिस ब्राऊन यांना राखणीला बसवले. ब्राऊन यांनी शिकारी परतवले, आणि त्यांच्याच जागी बसून पक्षी मोजायला सुरुवात केली. जागा तीच, हंगाम तोच, टक लावून बसणेही तेच. हातात फक्त बंदुकीऐवजी दुर्बीण आणि वही.

वहीचा उपयोग काय, असे कुणी विचारील. १९६२ साली रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात कीटकनाशकांचा धोका मांडला, तेव्हा याच वहीतले आकडे त्यांच्या कामी आले. १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या टकल्या गरुडांत शंभरांत चाळीस पिल्लावस्थेतले होते; १९५५ ते १९५९ मध्ये वीसच. गरुड दिसत होते, पण त्यांच्या घरात पाळणा हलेनासा झाला होता. हे नुसत्या डोळ्यांना कळले नसते.

आपल्याकडचा धडा याहून कठोर आहे. गिधाड ही गावाबाहेरची नेहमीची गोष्ट. ते मोजायचे असते असे कुणाच्या मनातही येत नसे. भरतपूरच्या अभयारण्यात मात्र मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्यापाशी आधीच्या नोंदी होत्या, म्हणून नव्वदीत गिधाडे झपाट्याने घटत आहेत हे त्यांना दाखवून देता आले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक उरली. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने हे झाले, हे २००४ साली उघड झाले आणि २००६ साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. बंदी आली तेव्हा बहुतेक आकाश रिकामे झाले होते.

परंतु वेळेवर डोळे उघडल्याचेही उदाहरण आहे. अमूर नदीच्या खोऱ्याकडून आफ्रिकेला जाणारे चिमुकले अमूर ससाणे नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी उतरतात. २०१२ साली तेथे एका हंगामात लाखाच्या वर ससाणे जाळ्यांत धरले गेले, असा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी लावणे थांबवले. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली. त्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे तेथल्याच एका गावाचे नाव. मूठभर वजनाचे हे पाखरू भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला पोचते, हे त्या यंत्रांनी दाखवले. काल जाळे लावणारा आज त्यांचा यजमान झाला. सोपाऱ्याच्या दगडावरची गोष्टच तेथे पुन्हा घडली.

तेव्हा वाचकहो, फराळ आटोपल्यावर मुलांना घेऊन गच्चीवर जा. दहाच्या सुमारास, ऊन तापू लागले की, पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरावर नजर ठेवा. घारी ओळखीच्या होतील. एखादा पक्षी त्यांच्यातला नसेल. जात ओळखता आली नाही तरी बिघडत नाही. तारीख, वेळ आणि संख्या जुन्या वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या दिवाळीला तेच पान उघडा. पाडव्याला व्यापारी चोपडी पुजतो, कारण देण्याघेण्याचा हिशेब तिच्यात असतो. आपल्या आकाशाची चोपडीही एखाद्या घरात असावी. काय होते हे लिहिलेले असेल, तरच काय गेले ते कळेल.