सेवकाची नोकरी



दहावी-बारावीचे निकाल लागले, की शिक्षकाच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. ‘मुलाला कोणत्या क्षेत्रात घालावे?’ हा प्रश्न जुनाच आहे. परंतु अलीकडे आमच्या सिल्वासाच्या परिसरात त्याला एक नवे शेपूट फुटले आहे. ‘विकासाच्या कामात म्हणे नोकऱ्या असतात, तिकडे कसे शिरावयाचे?’ खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांवर एखाद्या संस्थेची गाडी येते. माणसे उतरतात, विहिरींचे पाणी मोजतात, बायकांची सभा भरवितात आणि दिवस कलला की परत जातात. या माणसांना त्यासाठी पगार मिळतो, ही गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही. वारली किंवा कोकणा घरातल्या मुलाला हे काम आपणही करावे असे वाटले, तर त्यात नवल काय? नवल हे, की सव्वाशे वर्षांपूर्वी नोकरी या अर्थाने हे काम आपल्या देशात जवळजवळ नव्हतेच. ते नोकरी कसे झाले, आणि झाले ते कोणाच्या वाट्याला आले, याचा थोडा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

१९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. लोकसेवा हेच ज्याचे आयुष्यभराचे काम, असा सभासद, आणि त्याच्या निर्वाहापुरते वेतन देणारी संस्था, अशी ही योजना होती. तिच्यात पगारापेक्षा प्रतिज्ञेला महत्त्व होते. या समाजात १९१४ साली दाखल झालेले अमृतलाल ठक्कर, म्हणजे आपले ठक्करबाप्पा, तेव्हा पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते शिकून निघाले होते आणि मुंबई महानगरपालिकेत इंजिनियर होते. शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या रेल्वेमार्गाची देखरेख त्यांच्याकडे होती आणि त्या निमित्ताने सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांना जवळून दिसल्या. नोकरीचा राजीनामा देऊन ते सेवेत शिरले आणि १९२२ साली दाहोद येथे त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले. दाहोदचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

समाजसेवा ही शिकविण्याची विद्या आहे, तिला अभ्यासक्रम आणि पदविका असू शकते, ही कल्पना आपल्याकडे रुजली ती १९३६ साली. त्या वर्षी मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. आज हीच संस्था टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देवनारला आहे. १९५५ साली मुंबईतच कॅथलिक भगिनींनी निर्मला निकेतन हे समाजकार्याचे महाविद्यालय काढले. शिक्षण मिळू लागले, की पाठोपाठ जागा निघतात, आणि जागा निघाल्या, की प्रमाणपत्र मागितले जाते. सेवेची नोकरी होण्यास येथून प्रारंभ झाला.

परंतु आमच्या मुलखाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १९४५ होय. आमची हद्द ओलांडली की तलासरी लागते आणि त्याच्या खाली डहाणू. त्या वर्षी या पट्ट्यात दोन निरनिराळ्या कामांना आरंभ झाला आणि दोन्हींच्या मुळाशी शहरातून आलेल्या, शिकलेल्या स्त्रिया होत्या. मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्याच्या अग्रभागी गोदावरी परुळेकर होत्या. कायद्याच्या पदवीधर असलेल्या गोदावरीबाई पूर्वी भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री सभासद होत्या. त्याच वर्षी बोर्डीस ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न होते. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी पूर्वीच सोडले होते, गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ साली निघालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा भार वाहिला होता. त्यांच्या हाताखाली आलेल्या अनुताई वाघ पस्तिशीच्या होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. कायमची आणि मानाची जागा सोडून त्या बोर्डीच्या खेड्यात आल्या, आणि ज्या काळी विधवा स्त्रीला नोकरी हाच एकुलता आधार, त्या काळी आल्या.

दहाएक वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी गेले. त्या जागेचे नाव विकासवाडी. आज ‘विकास’ हा शब्द सरकारी फलकांवर इतका घासला गेला आहे, की त्याचा अर्थ कळेनासा झाला आहे. म्हणून त्या टेकडीवर त्याचा अर्थ काय होता, ते जरा तपशिलाने सांगतो. मुले शाळेत येत नव्हती. मोठी मुले गुरे राखीत आणि त्यांहून लहान असत ती धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत. शाळेची घंटा वाजवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तेव्हा शाळाच मुलांकडे गेली. झोपडीपुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या रानात मोठ्यांचे वर्ग भरू लागले, ती कुरणशाळा. आधी मुलांना आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, मग गाणी, मग अक्षरे. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी आणि परदेशी. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आणि चिकणमाती आली. हे काम अनुताईंनी पुढे १९९२ साली मृत्यू येईपर्यंत केले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी प्रयोगादाखल सुरू केली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात खेडोपाडी ही केंद्रे आहेत, आणि विकासाच्या क्षेत्रातील सर्वांत जास्त नोकऱ्या, जर त्यांना नोकऱ्या म्हणावयाचे असेल तर, याच केंद्रांत आहेत.

आता आमच्या मुलखाकडे वळू. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा, नरोली आणि शेवटी २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांपासून मुक्त केले. ही हकीकत आमच्या शाळांतून सांगितली जाते. तिच्या नंतरच्या सात वर्षांची मात्र कोणी सांगत नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९६० च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, आणि तोपर्यंत हा प्रदेश कायद्याने भारतात विलीन होऊ शकला नव्हता. वरिष्ठ पंचायत नावाच्या मंडळाने कारभार चालविला. अखेर १९६१ साली भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलाणी यांना विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करता यावी, म्हणून एका दिवसापुरते या मुलखाचे पंतप्रधान करण्यात आले! सरकारी नोकरीत बढतीचा याहून अजब दाखला मला तरी ठाऊक नाही.

विलीनीकरण ११ ऑगस्ट १९६१ रोजी झाले. त्या वर्षीच्या शिरगणतीत येथील लोकवस्ती ५७,९६३ होती आणि तिच्यात आदिवासींची संख्या फार मोठी होती. ७२ गावांच्या या प्रदेशाला आता तलाठी, भूमापक, परिचारिका, शिक्षक, ग्रामसेवक हवे होते. देशात २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजना चालू झालीच होती, आणि शेतीपासून आरोग्यापर्यंत सारे एकाच माणसाने पाहावयाचे, असा ग्रामसेवक तिने निर्माण केला होता. पण या जागांवर बसण्याइतके शिकलेले आदिवासी येथे होते किती? मोजकेच. म्हणून माणसे बाहेरून आली. त्यांतील कित्येकांनी मनापासून कष्ट केले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि विकास करणारा बाहेरचा आणि करवून घेणारा येथला, अशी जी वाटणी तेव्हा पडली, ती पुष्कळ वर्षे मोडली नाही.

या कामात भूमापकाचे मोल केवढे, हे १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्याने दाखविले. पोर्तुगीज काळात ‘अल्वारा’ नावाच्या सनदांवर मोठमोठ्या जमिनी थोड्या हातांत होत्या आणि कसणारा आदिवासी कूळ होता. ती पद्धत या कायद्याने संपविली. परंतु कायदा राजपत्रात छापला, म्हणजे जमीन कसणाऱ्याच्या नावावर चढत नाही. बांध मोजावा लागतो, नोंद करावी लागते. पुढे दमणगंगेवर मधुबन धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली, तेव्हाही कोणाची किती जमीन गेली, हे ठरविणारा माणूस साखळी धरणाराच होता. त्याची एक चूक म्हणजे एका कुटुंबाचे सारे आयुष्य. ‘मला लोकांचे भले करावयाचे आहे’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी भूमापनाचा अभ्यासक्रम सुचवितो, तेव्हा त्याचा चेहरा उतरतो. त्याला भाषणे करावयाची असतात!

माझे मत असे, की विकास हा स्वतंत्र धंदाच नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी धंद्याच्या अंगाने करावयाचा असतो. ठक्करबाप्पा इंजिनियर होते आणि अनुताई शिकून तयार झालेल्या शिक्षिका. वर्गीस कुरियन यांना धातुशास्त्रात रस होता; सरकारी शिष्यवृत्तीने गळ्यात दुग्धव्यवसाय मारला आणि १९४९ साली करारापोटी ते आणंदला आले. इतके अनिच्छेने निवडलेले क्षेत्र क्वचितच इतके फळले असेल. आमच्या शेजारच्या वांसदा भागात मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने १९८२ साली ‘वाडी’ची योजना चालू केली. आदिवासी कुटुंबाच्या हलक्या जमिनीवर आंबा-काजूची झाडे लावून ती जगवावयाची, हे तिचे मर्म. तेथे उपयोगी पडतो तो खड्डा किती खोल, कलम केव्हा बांधावे आणि उन्हाळ्यात रोपाला पाणी कोठून आणावे हे जाणणारा माणूस.

आणि भाषा. सिल्वासाच्या बाजारात आज हिंदी, गुजराती, मराठी सारे चालते. करसवलतींमुळे कारखाने आले, देशभरचे कामगार आले, आणि २०११ च्या जनगणनेत आमची वस्ती ३,४३,७०९ झाली. पण मांदोनीच्या पाड्यावर तापाने फणफणलेल्या मुलाची आई आपले दुःख वारलीतच सांगते. परिचारिकेच्या अर्जावर हा गुण लिहिण्यास रकाना नसतो. ज्या मुलीला ही बोली घरातच मिळाली आहे, ती आपली बोली लपवून मुलाखतीला जाते, हे पाहून मला वाईट वाटते.

राहिला पगाराचा प्रश्न. पालक तोच पहिला विचारतात, आणि त्यात काहीही गैर नाही. अंगणवाडी सेविका ही सरकारदरबारी ‘मानसेवी’ कार्यकर्ती. तिला वेतन नव्हे, मानधन. ताराबाई-अनुताईंनी स्वखुशीने पत्करलेले अल्पवेतन पुढे योजनेचा नियम बनले, आणि पाड्यावरच्या गरीब बाईला त्यात निवड करण्यास वावच उरला नाही. ‘सेवा’ या थोर शब्दाची ही दुसरी बाजू होय. महाराष्ट्राने २०२४ साली ग्रामसेवकाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले. त्याच्या नावातला सेवक गेला, सेविका मात्र सेविकाच राहिली. तीस-तीस वर्षे मुले सांभाळून निवृत्त झालेल्या बायांना उपदानाची रक्कमही नाकारली जात होती. त्यांतील काही न्यायालयात गेल्या, आणि २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १९७२ च्या कायद्याप्रमाणे अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत. जिच्या नावाने तो खटला ओळखला जातो, ती सेविका दाहोद जिल्ह्यातली. ठक्करबाप्पांनी इंजिनियरची जागा सोडून जेथे मंडळ काढले, त्याच दाहोदची.