कापू नका हो!

घरातलं माणूस अपघातात गेलं की नातेवाईक डॉक्टरांना विनवतात, 'कापू नका हो.' मलाही वाटायचं, न कापता मृत्यूचं कारण कळणारच नाही का?

१९९०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात रिचर्ड डिर्नहोफर, मायकेल थाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. पद्धतीचं नाव 'व्हर्टॉप्सी'. 'ऑटॉप्सी'मधला 'ऑटो', म्हणजे 'स्वतः', त्यांनी मुद्दाम गाळला. एकट्या डॉक्टरच्या नजरेवर भिस्त नको, पुरावा दुसऱ्यालाही पुन्हा तपासता यावा. देह जळून जातो हो, स्कॅन उरतो.

त्यांनी ४० मृतदेहांचं आधी सीटी आणि एमआरआय केलं, मग नेहमीचं शवविच्छेदन करून पडताळलं. २००३ साली निकाल छापला: विच्छेदनात मृत्यूची ४७ कारणं सापडली, नुसत्या स्कॅनमधून २६. जेमतेम निम्म्याच्या वर! हे त्यांनी लपवलं नाही, मला तेच आवडलं. गोळी, मोडलेलं हाड, रक्तवाहिनीत शिरलेली हवा स्कॅनमध्ये छान दिसते. विष नाही दिसत, त्यासाठी व्हिसेरा लॅबला पाठवावाच लागतो.

दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ साली अशी सोय सुरू झाली. स्कॅनमधून उत्तर नाही मिळालं, तर मात्र विच्छेदन टळत नाही.