हेवी मेटल व्हिडिओंतील पुरुषप्रतिमा

कातडी जाकीट, लोखंडी काटे, मोकळे सोडलेले लांब केस, शस्त्रासारखी पेललेली गिटार आणि किंचाळता किंवा घोगरा आवाज यांतून उभी राहणारी पुरुषाची प्रतिमा. १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर ती घरोघरी पोहोचली.

रॉबर्ट वॉल्सर यांनी ‘रनिंग विथ द डेव्हिल’ (१९९३) या ग्रंथात या प्रतिमेच्या चार तऱ्हा सांगितल्या: स्त्रीला चित्रातून वगळणे, तिला घातक ठरवणे, प्रेमगीतातून तिच्याशी जुळवून घेणे आणि तिचाच साजशृंगार स्वतः करणे. चौथी तऱ्हा सर्वांत बोलकी आहे. ट्विस्टेड सिस्टर या मेटल बँडच्या १९८४ मधील गाजलेल्या व्हिडिओत मुलावर खेकसणारा बाप खिडकीतून बाहेर फेकला जातो आणि त्याच्यावर मात करणारा गायक ओठांना लाली लावून, गाल रंगवून उभा असतो. बाईचा साज पुरुषाच्या अंगावर दिसणे मराठी प्रेक्षकाला नवे नाही. पण बालगंधर्वांचे कौतुक झाले ते स्त्री हुबेहूब साकारली म्हणून, तर तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला टिंगल आली. मेटल गायक तोच साज करून आपण अधिक मर्द असल्याचा दावा करतो. मर्दानगीची खूण मानल्या गेलेल्या कातडी पोशाखाचे तर सारे गणितच उलटले. तो मेटलमध्ये रुजवणारे जुडास प्रीस्ट या बँडचे गायक रॉब हॅलफर्ड यांनी १९९८ मध्ये एमटीव्हीवरच आपण समलिंगी असल्याचे सांगितले.

मुंबईत १९८६ पासून रंगभवनात भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने या संगीताला श्रोता मिळवून दिला. पुढच्या बँडनी मात्र पाश्चात्त्य योद्धा जसाच्या तसा उचलला नाही. २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’च्या ‘दशावतार’ (२०१७) या अल्बममध्ये परशुरामाच्या क्रोधाइतकीच बुद्धालाही जागा आहे. या बँडचे गायक साहिल मखिजा ‘हेडबँगर्स किचन’ या कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर स्वयंपाक करतात, राक्षसी गर्जना करणारा गळा पाककृती समजावतो, हे दृश्य या साऱ्या परंपरेत मोलाचे आहे. ‘स्क्राइब’ने ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) या अल्बमना हिंदी सिनेमातल्या खलनायकांची नावे देऊन मर्दानी दराऱ्याची थट्टा केली. ‘सेप्टर’ने ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ (२०१३) हा अल्बम स्त्रियांवरील अन्यायाविषयी केला. तिथेही गाणारे-वाजवणारे पुरुषच आहेत; विषयात स्त्री आली, मंचावर तिला जागा मिळाली नाही.