कोयनेतला त्वरणलेखक

कोयना धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेला होता एक त्वरणलेखक, अर्थात अ‍ॅक्सेलेरोग्राफ. एरवी तो निपचित असे. हादरा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप सुरू होई. आतलं छोटं वस्तुमान जडत्वामुळे मागे रेंगाळे आणि त्याच्याबरोबर वळणाऱ्या आरशावरचा प्रकाशकिरण फोटोच्या कागदावर रेघ ओढे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपात या रेघेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतकं शिखर गाठलं. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५! मात्र हे दोन आकडे शेजारी ठेवून अभियंत्यांना दोष देणं अन्यायाचं ठरेल. पहिला आकडा निमिषभराच्या धक्क्याचा, दुसरा स्थिर बळ मानून केलेल्या त्या काळच्या रूढ गणिताचा. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला वरच्या भागात, जिथे उतार बदलतो तिथे, भेगा पडल्या. भिंत उभी राहिली. भूकंपात काँक्रीटचं धरण कुठे तडकेल हे सांगणारी संगणकीय प्रारूपं जगभर आजही याच नोंदीवर तपासली जातात.