दादाभाई नौरोजी मार्ग

दादाभाई नौरोजी मार्ग (पूर्वीचा हॉर्नबी रोड) : मुंबईच्या फोर्ट विभागातील क्रॉफर्ड मार्केट ते हुतात्मा चौक हा प्रमुख व्यापारी रस्ता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला आणि इथल्या जुन्या वाटेचा पुढे रुंद हमरस्ता झाला. दुतर्फा इमारती उभ्या राहिल्या त्या मुख्यतः खाजगी पैशातून. गॉथिक, इंडो-सार्सेनिक, नवअभिजात अशी ज्याची त्याची शैली. तरीही रस्ता एकसंध दिसतो. याचे श्रेय १८९६ च्या सरकारी नियमाला द्यावे लागते. तळमजल्यावर कमानींचा सलग पादचारी मार्ग त्याने बंधनकारक केला आणि दर्शनी भागाची सजावट मालकांच्या मर्जीवर सोडली. मालकाने वाटसरूला सावली दिली, पावसाळ्यात आडोसा दिला. त्या बदल्यात दुकानाच्या दारातून दिवसभर गिऱ्हाईक जाऊ लागले. सार्वजनिक गरज नेमकी ओळखून तेवढ्यापुरतेच बंधन घातले, की खाजगी हित तिच्या आड येत नाही, हे या रस्त्याने दाखवून दिले आहे.

वसाहतीच्या सरकारला हुकूम सोडणे सोपे होते, लोकशाहीत तसे जमत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या ‘हेरिटेज माइल’ उपक्रमात दुकानांच्या बेढब पाट्यांना शिस्त लावली गेली, ती दुकानदार आणि रहिवाशांना सोबत घेऊन. या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. कमानींखालच्या फेरीवाल्यांमुळे नियमाचा हेतूच फसला, हा दुसरा आक्षेप. चालायला वाट उरत नाही ही तक्रार खरी आहे, पण फेरीवाल्याची उपजीविकाही खरी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने जागा नेमून देण्याची तरतूद केली आहे. ती नीट अमलात आणणे हे वारंवार हुसकावण्यापेक्षा न्याय्य ठरेल.

नियमन फसले ते वेगळ्याच ठिकाणी, इमारतींच्या देखभालीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींच्या बदलांवर निर्बंध आणले. दोन्ही कायदे लोकहिताचेच होते, पण डागडुजीचा पैसा कुठून यायचा याचे उत्तर त्यांनी दिले नाही. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने बँका आणि मोठ्या कंपन्यांचे भाडेकरू म्हणून असलेले संरक्षण काढून घेतले, लहान भाडेकरूंचे कायम ठेवले. लहान भाडेकरूला न उठवता दुरुस्तीसाठी पैसा उभा करण्याची सोय झाल्याखेरीज या कमानी टिकणार नाहीत.