कसं होतं पिक्चर?

श्रोतेहो, सिनेमा सुटतो तेव्हा थेटराच्या दाराशी क्षणभर दोन गर्द्या समोरासमोर येतात. एक बाहेर पडणाऱ्यांची, दुसरी आत जाण्यासाठी ताटकळलेल्यांची. आणि त्या क्षणी एकच प्रश्न होतो, "कसं होतं पिक्चर?" बाहेर येणारा चालता चालता उत्तर फेकतो. "लई भारी." "रडवलं बे." "झोप लागली." "पैसे वसूल." चार शब्द, कधी दोनच. पण याच शब्दांवर पुढच्या खेळाची तिकिटे खपतात किंवा पडून राहतात.

आपल्या चित्रपटांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. निर्मात्यांची चरित्रे आहेत, नटनट्यांच्या आठवणी आहेत. पण ज्यांच्या आण्या-पैशांवर हा सगळा डोलारा उभा राहिला, ती माणसे दारातून बाहेर पडताना काय म्हणाली, हे फारसे कुणी टिपून ठेवलेले नाही. बोललेला शब्द हवेत विरतो. तरीही त्याच्या खुणा अधूनमधून सापडतात. आज त्या खुणांच्या मागे आपल्याला जायचे आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्या वेळचा मराठी प्रेक्षक नाटकाचा. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालायचे, पदे पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची, अशी सवय. त्याला तासा-दीड तासाचा मुका खेळ म्हणजे पैशाची लूट वाटली तर नवल नाही. फाळके हे ओळखून होते. त्यांनी जाहिरातीत सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबी आणि किंमत फक्त तीन आणे, असा हिशेबच मांडला. हसू येते खरे, पण बाजार पाहिलेल्या माणसाचे शहाणपण त्यात आहे. तीन आणे हा मजुराच्या दिवसाच्या कमाईतला मोठा वाटा होता. म्हणून घरातला एकजण आधी जाऊन येई आणि बाकीच्यांनी जावे की नाही, ते सांगे. 'पैसे वसूल' हा शेरा त्या काळापासून चालत आला आहे, आणि तो उथळ नाही. तो घरखर्चाचा निर्णय आहे.

पुढे १९१७ साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसला की माणसे पायांतल्या वहाणा काढून ठेवीत, असे जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहे. शब्द एकही नाही, पण यापेक्षा स्पष्ट अभिप्राय कोणता?

आता आपल्या सोलापूरकडे वळू. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तीच आपली जुनी गिरणी. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि भोंग्यावर उठणारे नि भोंग्यावर निजणारे शहर तयार झाले. अशा गावात सिनेमाबद्दलचे मत पाळीबरोबर फिरते. रात्रीचा खेळ पाहिलेला माणूस सकाळच्या पाळीला हजर होतो आणि दुपारपर्यंत खातेभर बातमी झालेली असते. ज्यांनी साचेखाते पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, शेकडो माग एकदम चालू असताना शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. तिथे हातवाऱ्यांनीच बोलायचे. मग सिनेमाची समीक्षा ती काय होणार? अंगठा वर, नाही तर हात झटकून दिला. लांबलचक परीक्षण लिहिणाऱ्या आम्हा मास्तरमंडळींना यातून बरेच शिकता येईल.

सोलापूरची आणखी एक गंमत आहे. इथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच चौकात नांदतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्त्या इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे इथल्या पडद्यावर तेलुगू चित्रपटही लागत आले. विडीच्या पानांची सुपे मांडीवर घेऊन बायका ओळीने बसल्या, की एकीने पाहिलेला सिनेमा दहाजणींनी ऐकायचा. हात विड्या वळतात, कान गोष्टीकडे. सांगणारी तेलुगूत सुरुवात करते, मधे मराठी शेजारीण आली की मराठीत वळते. हे नुसते मत नव्हे, इथे सगळी कथाच पुन्हा सांगितली जाते. न आवडलेला भाग सांगणारी गाळते आणि आवडलेला लांबवते. दिग्दर्शकाच्या मागून ही दुसरी कात्री चालते, ती कुणाच्या नजरेस येत नाही.

सामान्य प्रेक्षकाचे मत सरकारने मात्र एकदा मोठ्या थाटाने मागवले होते. १९२७ च्या ऑक्टोबरात इंग्रज सरकारने मद्रासचे वकील दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या. मुंबई, लाहोर, कलकत्ता, मद्रास, रंगून अशी गावे पालथी घातली आणि ३५३ साक्षीदार तपासले. अशिक्षित माणसावर सिनेमाचा काय परिणाम होतो, हाही त्यात एक कळीचा प्रश्न होता. आता मौज पाहा. या प्रश्नाची उत्तरे दिली कुणी? अधिकारी, वकील, संपादक, शिक्षक, थेटरांचे मालक. ज्या माणसाबद्दल विचारले, त्याचे उत्तर मुख्यतः दुसऱ्यांनीच दिले. पिटात बसणाऱ्या गिरणी कामगाराला कुणी समोर बसवून "तुला काय वाटलं रे बाबा?" असे विचारले असते, तर आज आमच्यासारख्या इतिहासाच्या अभ्यासकांचे पांग फिटले असते.

महात्मा गांधींनाही प्रश्नावली गेली होती. आपण सिनेमा कधी पाहिलेला नाही, पण त्याने होणारे नुकसान बाहेरच्यालाही दिसते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी धाडले. न पाहता दिलेल्या मताचे हे मोठ्या माणसाचे उदाहरण! पुढे १९४४ साली जुहूला विश्रांतीसाठी असताना त्यांनी विजय भट्टांचा 'रामराज्य' थोडा पाहिला. असो.

पण १९२८ साली समितीचा अहवाल बाहेर आला, तेव्हा एक गोष्ट सरकारच्या मनासारखी झाली नाही. अमेरिकेच्या चित्रपटांना आळा घालून ब्रिटिश साम्राज्यातल्या चित्रपटांना इथे अधिक सवलत मिळावी, असा विलायतेतला आग्रह होता. समितीने तो मानला नाही. साध्या प्रेक्षकाला देशी चित्रपट अधिक आवडतात, हे तिला दिसून आले होते. साक्षीला न बोलावलेला माणूस तिकिटाच्या खिडकीवर साक्ष देऊन गेला होता, असेच म्हणायचे.

मग बोलपट आले. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. पण लोकांच्या तोंडी पसरलेल्या कीर्तीचा खरा नमुना पाहायचा तर १९३६ चा 'संत तुकाराम' घ्यावा. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत त्याची गणना झाली. आता व्हेनिसच्या परीक्षकांनी त्यात जे पाहिले आणि पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याने जे पाहिले, ते एकच असेल काय? माझ्या मते नाही. परीक्षकांना साधी, अकृत्रिम चित्रणशैली दिसली. वारकऱ्याला तुकोबा दिसले. पण आवलीचा त्रागा दोघांनाही समजला असणार, कारण रिकाम्या डब्यांपुढे उभी राहिलेली बाई सगळ्या देशांत सारखीच असते.

आपल्या सोलापूरकरांना एका चित्रपटाबद्दल इतरांपेक्षा अधिक अधिकाराने बोलता आले, तो म्हणजे १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. चित्रपट व्ही. शांताराम यांनी काढला आणि कोटणिसांची भूमिकाही स्वतःच केली. डॉक्टर जाऊन चारच वर्षे झाली होती. इतर गावांत लोक "काम छान केलंय" म्हणाले असतील; इथे प्रश्न निराळा होता. जो माणूस आपल्या गल्लीतून चालत गेला, तो पडद्यावर खरा वाटतो की नाही? चित्रपटावर मत देताना स्वतःची आठवण साक्षीला काढणे, हे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. शिक्षकमित्रांनी मुलांना तिथे जरूर न्यावे.

'रडवलं' हा शब्द मघाशी आला. परक्या माणसाला ती तक्रार वाटेल. आपल्याकडे ती पावती आहे. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ साली आला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. दिल्लीचा निकाल आणि पदराने डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या बायकांचा निकाल इतका जुळल्याचे उदाहरण विरळा. नाही तर एरवी या दोन न्यायालयांचे पटत नाही. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पाहा. तमाशाप्रधान चित्रपट म्हणून नाके मुरडणारे नाके मुरडत राहिले, आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे! भिंतीवरची जाहिरात पहिले चार-आठ दिवस माणसे आणते. पुढचे आठवडे एकाने दुसऱ्याला सांगूनच भरावे लागतात.

खेड्यातल्या श्रोत्यांना थेटरापेक्षा तंबूच जवळचा. जत्रा आली की ट्रकमधून यंत्र, पडदा, कनाती उतरायच्या. दिवेलागणीपासून कर्णा ओरडायचा. एकच यंत्र असले की रीळ बदलताना खेळ थांबे, आणि त्या अंधारात चर्चा सुरू. "आता बघ, हा मरतोय." "न्हाई मरायचा, हिरो हाय त्यो." शहरात मत एका खेळाकडून दुसऱ्या खेळाकडे जाते. तंबूचा मुक्काम मात्र जत्रेपुरता, म्हणून मत एका जत्रेकडून दुसऱ्या जत्रेकडे जाई. तंबू गावात पोचण्याआधीच मागच्या जत्रेला जाऊन आलेला पाहुणा पारावर बसून निकाल सांगून मोकळा झालेला असे. या तंबूंतल्या प्रेक्षकांचे, पडद्याच्या उजेडात उजळलेले चेहरे अमित मधेशिया या छायाचित्रकाराने टिपले आणि त्यांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तोंडे उघडी, डोळे स्थिर. वहाणा काढणाऱ्या १९१७ च्या प्रेक्षकांची ही पतवंडे म्हणायची.

रेडिओचाही यात वाटा आहे, आणि तो आकाशवाणीवरून सांगताना जरा जपून सांगायला हवा! १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस आपला मराठी, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, म्हणून ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओची खुंटी पिळली आणि सिलोन लावले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पत्रांचे ढीग पडू लागले. आपली आवड कळवणारी दोन ओळींची पत्रे होती ती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. मंत्र्यांची रुची उच्च होती, याबद्दल वाद नाही. पण लोकांना काय आवडते हे न विचारता ठरवले, की लोक दुसरीकडे जाऊन सांगतात.

आणि आता आपल्याच जिल्ह्यातले अलीकडचे उदाहरण. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. बोली आपली, उसाचे फड आपले, विहीर करमाळ्याची. पाहणाऱ्यांनी सांगितले आणि ऐकणारे धावले. काही गावांत मध्यरात्री नि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. शंभर कोटींच्या पलीकडे गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. पण माझ्या मनात राहिले आहे ते वेगळेच. त्या चित्रपटाबद्दल "भारी" म्हणणाऱ्यांचे दोन तट होते. काही जण फक्त पहिला अर्धा भाग सांगत: गाणी, नाच, क्रिकेट, पडद्याकडे उधळलेली नाणी. काही जण शेवटापासून सुरुवात करत. माणूस कोणता अर्धा सांगतो, यावरून जातीबाहेरच्या लग्नाबद्दल त्याच्या मनात काय आहे ते पुष्कळ वेळा उमगे. "मुलं बिघडतील" म्हणणारेही होते, आणि शेवट पाहून मुलीशी बोलणे सुरू केलेले बापही असतील. एकाच पडद्यासमोर बसलेल्या गावाने आपल्यातली फट अशी दोन-दोन शब्दांत उघडी केली. कुठल्या समितीला प्रश्नावली धाडून हे हाती लागले असते, असे मला वाटत नाही.

सोलापूरच्या मोठ्या कापडगिरण्या बंद पडल्या, जुनी कित्येक थेटरेही मिटली. शेरे आता मोबाईलवरून जातात, मध्यंतर व्हायच्या आधीच. ते निदान लिहिलेले तरी असतात. मागचे मात्र माणसांबरोबर चालले आहे. म्हणून शिक्षकमित्रहो, इतिहासाच्या तासाला मुलांकडून एक काम करून घ्या. घरातल्या सत्तरीपुढच्या आजी-आजोबांना चार प्रश्न विचारायला सांगा. पहिला सिनेमा कुठे पाहिला, थेटरात की तंबूत? तिकीट किती होते आणि ते पैसे कुणी दिले? घरी आल्यावर काय सांगितले? आणि ते ऐकून कोण गेले, कोणाला जाऊ दिले नाही? शेवटच्या प्रश्नाशी आजी थोडी थांबेल. मुलांना म्हणावे, घाई करू नका, ती सांगेल तसेच, तिच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि खाली तारीख घाला.